आधार आणि माहिती : स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या विश्वसनीय ज्ञानाच्या शोधाचा इतिहास (१९५२ ते २०२२)

सारांश :
स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला दोन गोष्टींची निकड भासते. एक, त्याच अनुभवातून गेलेल्या व्यक्तीचा आधार. आणि दुसरी, उपचारांसंबंधी खात्रीची माहिती. या दोन्ही गरजा एकाच वेळी निर्माण होत असल्या तरी त्या भागविणाऱ्या व्यवस्था दीर्घकाळ परस्परांपासून विभक्त राहिल्या. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील १९५२ नंतरच्या घडामोडींच्या आधारे या विभक्ततेचा, तिच्याविरुद्ध स्त्रियांनी दिलेल्या लढ्याचा आणि संगणकीय महाजालाच्या आगमनानंतर निर्माण झालेल्या नव्या प्रश्नांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. अखेरीस मुंबईतील एका दीर्घकालीन अभ्यासाच्या संदर्भात या इतिहासाचा आपल्याकडील अर्थ तपासला आहे.

बीजसंज्ञा : स्तनाचा कर्करोग, रुग्ण-आधारगट, वैद्यकीय माहिती, महाजाल, विश्वसनीयता.

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शस्त्रक्रिया कोणी प्रथम केली, औषध कोणत्या वर्षी उपलब्ध झाले, मृत्युदर किती घटला, या प्रश्नांभोवती तो फिरतो. रुग्णाला काय सांगितले गेले, काय सांगितले गेले नाही आणि न सांगितलेले त्याने कोठून व कसे मिळविले, हा त्या इतिहासाचा तुलनेने उपेक्षित भाग होय. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो. या रोगाच्या उपचारांत एकापेक्षा अधिक पर्याय उपलब्ध असतात आणि पर्याय निवडायचा म्हणजे माहिती हवी. शिवाय रोगाचा संबंध शरीराच्या अशा अवयवाशी आहे की ज्याविषयी चारचौघांत बोलणे बहुतेक समाजांत संकोचाचे मानले गेले. त्यामुळे माहितीचा अभाव आणि एकाकीपणा ही दोन्ही दुःखे एकाच स्त्रीच्या वाट्याला एकाच वेळी आली.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया मृत्यू पावल्या. भारतासाठीचे आकडे अनुक्रमे सुमारे १ लाख ९२ हजार आणि ९८ हजार असे होते. निदान आणि मृत्यू यांच्या प्रमाणातील हा फरक लक्षणीय आहे. उशिरा होणारे निदान हे त्याचे एक प्रमुख कारण होय आणि उशिराच्या निदानामागे इतर अनेक कारणांबरोबरच माहितीचा अभावही असतो. म्हणूनच माहितीचा इतिहास हा केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आधार व माहिती पुरविणाऱ्या व्यवस्थांच्या विकासाचे टप्पे पाहणे. २) माहितीच्या विश्वसनीयतेसंबंधी निर्माण झालेल्या पेचप्रसंगांची कारणे शोधणे. ३) महाजालामुळे या व्यवस्थांत झालेल्या बदलांचे मूल्यमापन करणे. ४) महाराष्ट्राच्या संदर्भात या अनुभवाची उपयुक्तता तपासणे.

मौनाचा कालखंड :
अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्रितपणे काढून टाकण्याची ही पद्धत 'रॅडिकल मॅस्टेक्टॉमी' या नावाने पुढील सुमारे ७५ वर्षे अमेरिकेत प्रमाण मानली गेली. कर्करोग एका ठिकाणी सुरू होऊन क्रमाक्रमाने आजूबाजूस पसरतो, म्हणून जितके अधिक कापावे तितकी सुरक्षितता अधिक, अशी तिच्यामागील धारणा होती.

या पद्धतीला पुढे 'एकटप्पी' प्रक्रियेची जोड मिळाली. गाठीची तपासणी करण्यासाठी स्त्रीला भूल दिली जाई. गाठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई आणि कर्करोग आढळल्यास त्याच भुलीत स्तन काढून टाकला जाई. शस्त्रक्रियागृहात जाताना स्त्रीने संमतिपत्रावर सही केलेली असे; परंतु आपण जागे होऊ तेव्हा शरीर कोणत्या अवस्थेत असेल हे तिला ठाऊक नसे. निदानाची बातमी तिला छातीवरील पट्ट्यांच्या लांबीरुंदीवरून कळे.

या काळात माहिती अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पत्रके व व्याख्याने यांद्वारे मोठा प्रचार केला. तथापि 'विलंब करू नका, डॉक्टरांकडे जा' एवढाच त्या प्रचाराचा गाभा होता. डॉक्टरांच्या दारापर्यंत स्त्रीला पोहोचविणे हे माहितीचे कार्य मानले गेले. दाराच्या आत तिने काय विचारावे, हा प्रश्न त्या माहितीच्या कक्षेत येत नव्हता.

माहितीविना आधार : १९५२ :
१९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे टेरीज लॅसर या महिलेवर रॅडिकल मॅस्टेक्टॉमी झाली. शस्त्रक्रियेनंतर हात कसा हलवावा, कपडे कसे बेतावेत, घरच्यांशी काय बोलावे, यांपैकी कशाचेही मार्गदर्शन तिला मिळाले नाही. स्वतः बरी झाल्यावर तिने रुग्णालयांत जाऊन नव्या रुग्णांना भेटण्यास प्रारंभ केला. कृत्रिम स्तनाचा एक तात्पुरता नमुना, हाताच्या व्यायामासाठी लागणारे किरकोळ साहित्य आणि धीराचे चार शब्द, एवढे तिच्याजवळ असे. यातूनच 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम उभा राहिला. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्या छत्राखाली घेतला आणि कालांतराने तो अनेक देशांत पसरला.

रुग्णाने रुग्णाला भेटावे, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती. काही डॉक्टरांना ती आपल्या अधिकारक्षेत्रातील लुडबूड वाटली. त्यामुळे उपक्रमावर काही बंधने आली. भेटीसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अनुमती आवश्यक ठरली आणि स्वयंसेविकेने वैद्यकीय बाबींवर बोलू नये, असा दंडक घालण्यात आला. म्हणजेच आधार देण्यास परवानगी मिळाली, माहिती देण्यास मिळाली नाही. शस्त्रक्रिया कोणती झाली, ती तशीच व्हावयास हवी होती का, असे प्रश्न रुग्णशय्येवरील स्त्रीने विचारले तर स्वयंसेविकेने मौन पाळणे अपेक्षित होते.

या मर्यादेवर पुढे टीका झाली. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात कृत्रिम स्तन वापरण्याच्या आग्रहामागील वृत्तीची चिकित्सा केली. झालेला बदल इतरांच्या दृष्टीस पडू नये म्हणून लपविणे म्हणजे या रोगातून गेलेल्या स्त्रियांना एकमेकींपासूनही लपवून ठेवणे होय, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. लॅसर यांचे ऋण मान्य करूनही ही टीका रास्त मानावी लागते. आधाराची पहिली संघटित व्यवस्था मौनाच्या अटीवरच उभी राहिली होती.

प्रश्न विचारणाऱ्या रुग्ण : १९७२ ते १९७९ :
हे मौन सत्तरच्या दशकात भंगले. बालवयात चित्रपटसृष्टी गाजविलेल्या शर्ली टेंपल ब्लॅक यांनी १९७२ मध्ये आपल्या आजाराची जाहीर वाच्यता केली. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यामधील निर्णय आपला असावा, असा आग्रह त्यांनी धरला होता. सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती बातमी व्हाइट हाऊसने दडविली नाही. त्यानंतर तपासणीसाठी पुढे येणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली की त्या वर्षीच्या रुग्णनोंदींच्या आलेखात तिचा उंचवटा स्पष्टपणे दिसतो. एका प्रसिद्ध व्यक्तीचा मोकळेपणा हीदेखील माहितीच असते, याचा हा सांख्यिकीय पुरावा मानता येईल.

तथापि खऱ्या अर्थाने माहितीचा प्रश्न उभा केला तो रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने. १९७४ मध्ये स्वतःच्या स्तनात गाठ जाणवताच तिने ग्रंथालयातील वैद्यकीय ग्रंथ व नियतकालिके वाचण्यास सुरुवात केली. युरोपातील काही देशांत कमी विच्छेदनाच्या शस्त्रक्रिया होत आहेत आणि एकटप्पी प्रक्रियेला शास्त्रीय आधार तोकडा आहे, असे तिच्या लक्षात आले. केवळ तपासणी करून थांबण्यास तयार असलेला शल्यचिकित्सक मिळविण्यासाठी तिला अनेकांची दारे ठोठवावी लागली. बेटी फोर्ड यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी तिने व्हाइट हाऊसशी दूरध्वनीवरून संपर्क साधून एकटप्पी प्रक्रिया टाळण्याची विनंती केली; राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असे तिला उत्तर मिळाले. रुग्ण बेटी फोर्ड आणि निर्णय राष्ट्राध्यक्षांचा, हा तपशील त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

कुशनर यांचे स्तनाच्या कर्करोगावरील पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःची कहाणी आणि पत्रकाराचा शोध यांची त्यात सांगड होती. त्याच वर्षी त्यांनी सल्लाकेंद्र सुरू करून पत्रे व दूरध्वनी यांद्वारे स्त्रियांच्या शंकांना उत्तरे देण्यास प्रारंभ केला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या मतैक्य परिषदेत कुशनर यांचा वैद्यकेतर सदस्य म्हणून समावेश झाला. तपासणी आणि शस्त्रक्रिया हे दोन स्वतंत्र टप्पे असावेत आणि प्राथमिक अवस्थेतील रोगासाठी हॉल्स्टेड पद्धतीची आवश्यकता नाही, या दिशेने परिषदेचे निष्कर्ष गेले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने उपचारांचे सर्व मान्य पर्याय रुग्णाला सांगण्याचे बंधन कायद्याने घातले.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. कुशनर यांचा आग्रह योग्य ठरला तो केवळ त्यांच्या निर्धारामुळे नव्हे. पिट्सबर्ग येथील बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून तुलनात्मक चाचण्या हाती घेतल्या होत्या. स्त्रियांचे दैवयोगाने गट पाडून निरनिराळ्या शस्त्रक्रियांचे परिणाम वर्षानुवर्षे मोजण्यात आले. फक्त गाठ काढून त्यास किरणोपचाराची जोड दिली असता संपूर्ण स्तन काढण्याइतकेच आयुर्मान लाभते, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले आणि १,८५१ स्त्रियांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये तोच निष्कर्ष कायम राहिला. रुग्णाचा प्रश्न आणि चाचणीचा पुरावा हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच उपचारपद्धती बदलली.

दूरध्वनी, संस्था आणि चळवळ : १९७५ ते १९९५ :
१९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सत्तरच्या दशकाच्या मध्यास जनतेसाठी दूरध्वनीवरील माहितीसेवा उभारली. पुढील दशकाच्या पूर्वार्धात तिने उपचारांविषयीच्या संक्षिप्त, तज्ज्ञांनी तपासलेल्या आणि वेळोवेळी अद्ययावत केल्या जाणाऱ्या नोंदींचा संगणकीय संग्रह निर्माण केला. त्याच सुमारास शिकागोजवळ दोन स्त्रियांनी १९७८ मध्ये 'वाय-मी' ही संस्था स्थापन केली. तिच्या दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या स्वयंसेविका स्वतः या रोगातून गेलेल्या असत. 'रीच टू रिकव्हरी'मध्ये वर्ज्य असलेले वैद्यकीय प्रश्न येथे मोकळेपणाने विचारता येत. आधार आणि माहिती एकाच आवाजातून मिळण्याची ही सुरुवात होती.

१९९१ मध्ये विविध संस्थांनी एकत्र येऊन राष्ट्रीय स्तन-कर्करोग आघाडी स्थापन केली. तिच्या दबावामुळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९९३ च्या अंदाजपत्रकात या रोगाच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलरची तरतूद झाली. १९९५ पासून आघाडीने कार्यकर्त्या स्त्रियांसाठी विज्ञानाचे वर्ग सुरू केले. पेशीविज्ञान, साथरोगशास्त्र आणि चाचण्यांची मांडणी हे विषय त्यांत शिकविले जात. संशोधनाचा निधी मागणाऱ्यांना संशोधन वाचताही आले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

विश्वासाला तडा : १९९४ आणि २००० :
विश्वसनीय माहिती म्हणजे तज्ज्ञांनी दिलेली माहिती, अशी सोपी व्याख्या करण्याचा मोह होतो. दोन प्रसंगांनी ती अपुरी ठरविली.

पहिला प्रसंग फिशर यांच्याच चाचण्यांसंबंधी होता. त्यांत सहभागी असलेले माँट्रियल येथील डॉ. रॉजे पुआसाँ यांनी काही रुग्णांच्या नोंदींत फेरफार केल्याचे मार्च १९९४ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. चौकशी त्यापूर्वीच काही वर्षे चालू होती. परंतु याच चाचण्यांवर विसंबून स्तन न काढण्याचा निर्णय घेतलेल्या हजारो स्त्रियांना ही गोष्ट सकाळच्या वर्तमानपत्रातून कळली. आपला निर्णय चुकला की काय, या शंकेने त्यांना ग्रासले. पुआसाँ यांच्या नोंदी वगळून फेरविश्लेषण झाले आणि मूळ निष्कर्ष अबाधित असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र शाबूत राहिले. सांगण्यात झालेल्या दिरंगाईची जखम मात्र सहज भरून निघणारी नव्हती.

दुसरा प्रसंग अधिक दारुण होता. अतितीव्र मात्रेतील रसायनोपचार आणि त्यानंतर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा उपचार वाढलेल्या रोगावर गुणकारी ठरेल, अशी आशा नव्वदच्या दशकात निर्माण झाली. पुरेसा पुरावा हाती येण्यापूर्वीच तो हजारो स्त्रियांवर करण्यात आला. खर्च नाकारणाऱ्या विमा कंपन्यांवर खटले झाले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने अशाच एका प्रकरणात सुमारे ८.९ कोटी डॉलरची भरपाई देवविली. मे १९९९ मधील परिषदेत सादर झालेल्या बहुतेक चाचण्यांत या उपचाराचा लाभ आढळला नाही. अपवाद होता दक्षिण आफ्रिकेतील वर्नर बेझवोदा यांच्या चाचणीचा. २००० मध्ये तज्ज्ञांच्या पथकाने जोहान्सबर्ग येथे जाऊन तपासणी केली तेव्हा ती चाचणी बनावट असल्याचे निष्पन्न झाले. या उपचारामागे डॉक्टर होते, रुग्ण-कार्यकर्त्या होत्या, वकील आणि पत्रकारही होते. सर्वांचे हेतू वाईट नव्हते. पुराव्याची वाट पाहण्याचे धैर्य मात्र फारच थोड्यांनी दाखविले.

या दोन प्रसंगांतून निघणारा बोध असा की, विश्वसनीयता ही व्यक्तीच्या पदवीत वा सद्‌हेतूत वसत नाही. दुसऱ्यांना तपासता येईल अशा पद्धतीत आणि चूक उघडपणे दुरुस्त करण्याच्या तयारीत ती वसते.

संगणकाच्या पडद्यावरील आधार : १९९५ ते २००६ :
महाजालाचा प्रसार होऊ लागला तेव्हा या इतिहासाची पार्श्वभूमी तयार होती. १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथील जिल फ्रीडमन यांच्या पत्नीस स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. ई-पत्रांद्वारे परस्परांशी बोलणाऱ्या रुग्णांच्या एका गटाकडून मिळालेल्या माहितीमुळे त्यांनी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले आणि सुरुवातीस सुचविलेले मोठे उपचार टळले. या अनुभवातून फ्रीडमन यांनी निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांसाठी असे गट चालविणारी संस्था स्थापन केली. मध्यरात्री झोप उडालेल्या स्त्रीला दुसऱ्या खंडातील जागी स्त्री उत्तर देऊ लागली.

अशा आधाराचा उपयोग किती, याची शास्त्रीय तपासणीही झाली. स्टॅनफर्ड येथील डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८६ रुग्णांच्या अभ्यासात आधारगटातील स्त्रियांचे आयुष्य वाढल्याचे आढळले होते. कॅनडातील पामेला गुडविन व सहकाऱ्यांनी २३५ रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुर्मानात फरक आढळला नाही. वेदना आणि मानसिक क्लेश मात्र कमी झाले. आधारगट आयुष्य वाढवितो, हा दावा त्यामुळे मागे पडला आणि तो आयुष्य सुसह्य करतो, हा निष्कर्ष उरला. हा निष्कर्षही लहान नव्हे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड गुस्ताफसन यांच्या गटाने ६० वर्षांखालील २४६ नवनिदानित स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाच्या घरी माहिती, तज्ज्ञांची उत्तरे आणि इतर रुग्णांशी संवाद एकत्र देणारी संगणकप्रणाली बसविण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांची माहिती मिळविण्याची क्षमता, उपचारांतील सहभाग आणि डॉक्टरांवरील विश्वास वाढला. विशेष म्हणजे विमा नसलेल्या, अल्पशिक्षित व अल्पसंख्याक स्त्रियांना त्याचा लाभ अधिक झाला. माहिती मिळाल्याने रुग्ण डॉक्टरांवर अविश्वास दाखवू लागेल, ही १९५२ मधील भीती येथे निराधार ठरली.

मग रुग्णांच्या आपापसांतील संवादात खोट्या माहितीचे प्रमाण किती असते? एस्क्विवेल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या अशाच एका गटातील ४,६०० संदेश तपासले. त्यांपैकी चुकीचे वा दिशाभूल करणारे केवळ १० संदेश आढळले आणि त्यांतील ७ संदेशांची चूक गटातील इतर सदस्यांनीच सरासरी साडेचार तासांत दुरुस्त केली होती. एकमेकींना ओळखणाऱ्या, दीर्घकाळ बोलत राहिलेल्या आणि मागील संदेश लक्षात ठेवणाऱ्या समूहाला स्वतःची चूक सुधारता येते, असा याचा अर्थ होतो.

निकष आणि त्यांच्या मर्यादा : १९९७ ते २०२२ :
खुल्या महाजालाचे चित्र मात्र निराळे होते. १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने आरोग्यविषयक मजकुरासाठी चार निकष सुचविले : लेखक कोण, आधार कोणते, आर्थिक हितसंबंध कोणाचे आणि मजकूर केव्हाचा. जीनिव्हा येथील हेल्थ ऑन द नेट प्रतिष्ठानने आठ तत्त्वांची संहिता करून ती पाळणाऱ्या संकेतस्थळांना मुद्रा देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ मध्ये संशोधन-निबंधांची सूची सर्वांना विनामूल्य खुली केली आणि १९९८ मध्ये सामान्य वाचकांसाठी स्वतंत्र माहितीसेवा सुरू केली. १८९४ नंतर शतकभर वैद्यकीय ग्रंथालयाच्या भिंतींआड असलेली माहिती अशा रीतीने घरात आली.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगावरील ३४३ पृष्ठे तपासली गेली. १८ पृष्ठांवर, म्हणजे ५.२ टक्क्यांवर, चुकीची विधाने होती आणि पूरक व पर्यायी उपचारांविषयीच्या पृष्ठांवर ती आढळण्याची शक्यता १५ पटींहून अधिक होती. लेखकाचे नाव, दिनांक, मुद्रा यांसारख्या बाह्य निकषांवरून चुकीचे पृष्ठ हमखास ओळखता येत नाही, असेही त्यात दिसून आले. पुढे समाजमाध्यमांच्या काळात परिस्थिती बिघडली. चार प्रमुख कर्करोगांविषयी समाजमाध्यमांवर सर्वाधिक पसरलेल्या २०० लेखांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३२.५ टक्के लेखांत चुकीची आणि ३०.५ टक्के लेखांत अपायकारक माहिती होती. शिवाय अशा लेखांना वाचकांचा प्रतिसाद अधिक मिळत होता.

अपायाचे स्वरूपही मोजले गेले आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दूरवर न पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली. प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाच पटींहून अधिक आढळला. चुकीच्या माहितीची किंमत येथे आकड्यांत उभी राहते.

माहिती टिकवून ठेवणाऱ्या संस्थाही चिरंतन नसतात. 'वाय-मी' संस्था २०१२ मध्ये बंद पडली आणि तिचा दूरध्वनी मुका झाला. जीनिव्हाच्या प्रतिष्ठानने डिसेंबर २०२२ मध्ये आपले कार्य थांबविले. त्याची मुद्रा आज एखाद्या पृष्ठावर दिसली तरी तिच्यामागे तपासणारे कोणी नाही. विश्वसनीयता एकदा कमावून कायमची ठेवता येत नाही. तिच्यासाठी माणसे, पैसा आणि सातत्य लागते.

मुंबईचा अनुभव :
आतापर्यंतच्या विवेचनात वाचता येणारी, प्रश्न विचारू शकणारी आणि साधने हाताशी असलेली स्त्री गृहीत धरलेली आहे. ही गृहीतके बाजूला ठेवल्यास काय उरते, याचे उत्तर मुंबईत मिळते.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तिने येथे कर्करोगाच्या नोंदणीस प्रारंभ केला. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. रोग मोजण्याची व्यवस्था अशा प्रकारे महाराष्ट्रात लवकर उभी राहिली.

१९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल वस्त्यांत एक तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. त्या दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची हाताने स्तनतपासणी करीत आणि रोगाची लक्षणे समजावून सांगत. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. एकूण मृत्युदरातील १५ टक्के घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही; ५० व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला.

या अभ्यासात संगणक नव्हता, महाजाल नव्हते. माहिती एका स्त्रीच्या तोंडून दुसऱ्या स्त्रीला तिच्या भाषेत मिळाली आणि सांगणारीमागे तपासून घेतलेले ज्ञान व पुढील उपचार देणारे रुग्णालय उभे होते. लॅसर यांच्या भेटीतील जिव्हाळा आणि कुशनर यांच्या शोधातील अचूकता या दोहोंचा संगम येथे घडला, असे म्हणता येईल. पुढील काळात देशातील कर्करोग केंद्रांना जोडणारे राष्ट्रीय जाळे २०१२ मध्ये उभे राहिले आणि रुग्णाचे अहवाल मागवून तज्ज्ञांचे मत कळविणारी 'नव्या' ही महाजालावरील सेवाही टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने सुरू झाली.

तरीही एक दरी उरते. मराठी स्त्रीच्या हाती पडणारा तपासणीचा अहवाल इंग्रजीत असतो. त्यातील संप्रेरक-ग्राहकांच्या आणि 'हर-२'च्या नोंदींवर तिचे उपचार ठरतात; परंतु त्यांचा अर्थ तिला बहुधा डॉक्टरांच्या दोन मिनिटांत वा नातलगाच्या भ्रमणध्वनीवरील फिरत्या संदेशात शोधावा लागतो. पहिला मार्ग अपुरा आहे आणि दुसरा असुरक्षित.

निष्कर्ष :
१) आधार आणि माहिती यांची फारकत ही वैद्यकीय गरजेतून नव्हे तर अधिकाराच्या धारणेतून झाली होती. ती स्त्रियांच्या प्रश्नांमुळे मिटू लागली.
२) रुग्णांच्या आग्रहाला चाचण्यांच्या पुराव्याची जोड मिळाली तेव्हा उपचार सुधारले. पुराव्यावाचून केलेला आग्रह, प्रत्यारोपणाच्या प्रकरणाप्रमाणे, प्राणघातकही ठरू शकतो.
३) महाजालावरील माहितीची विश्वसनीयता माध्यमावर अवलंबून नाही. स्थिर व परस्परपरिचित समूह चुका दुरुस्त करतो, तर निनावी प्रसारात चुका वाढतात. मुद्रा व निकष उपयुक्त असले तरी त्यांमागील संस्था जिवंत असणे आवश्यक आहे.
४) मुंबईच्या अभ्यासावरून असे दिसते की, अल्प शिक्षण झालेल्या परंतु नीट प्रशिक्षित स्त्रियादेखील विश्वसनीय माहितीच्या वाहक होऊ शकतात.

या चौथ्या निष्कर्षाचा महाविद्यालयांशी थेट संबंध पोहोचतो. राष्ट्रीय सेवा योजना, महिला विकास कक्ष, भाषा व विज्ञान विभाग यांनी रुग्णालयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, दिनांकित आणि ठरावीक काळाने सुधारली जाणारी मराठी माहिती तयार करणे अवघड नाही. १९७४ मध्ये एका पत्रकार स्त्रीला जे समजून घेण्यासाठी वैद्यकीय ग्रंथालय पालथे घालावे लागले, ते आज प्रकाशित आणि खुले आहे. ते मराठी वाचकापर्यंत अचूकपणे पोहोचविण्याचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे.